खाली राहिलेलं बियाणं

माझ्या वडिलांच्या बियाण्याचे बटाटे तळून आम्ही त्यांच्याच सातव्या दिवसाच्या पाहुण्यांना वाटले. तसं करायला मीच सांगितलं होतं.

ते बियाणं दुकानातलं नव्हतं. मी चौथीत होते, त्या ऑगस्टमध्ये आमच्या उतारावर ओळीनं तीन पहाटे विषाचं दंव पडलं. पानांवर बारीक मिठासारखा थर बसतो. दिसायला सुंदर असतो. ऊन लागलं की तासाभरात पान उकडल्यासारखं काळं पडतं आणि मान टाकतं. त्या वर्षी दिएंगच्या पठारावर आमच्या बाजूची सगळी शेतं काळी झाली. आमच्या अगदी खालच्या वाफ्यात, जिथे गारठा सगळ्यात जास्त साचतो, सहा झाडं तेवढी हिरवी राहिली. बापांनी त्यांच्याभोवती बांबूच्या काठ्या रोवल्या. त्यांचे बटाटे विकले नाहीत, खाल्ले नाहीत, पुन्हा लावले. पुढच्या दंवात त्यातले जे जगले तेवढेच ठेवले. असं एकवीस वर्षं चाललं.

माझा धाकटा भाऊ फतखुर म्हणायचा, "लोक पोरांना शिकवतात, आमचे बापा बटाट्यांना शिकवतात."

"पोरं नापास झाली तर डोक्यावर बसतात," बापा म्हणायचे. "बटाटे नापास झाले तर निदान खाता येतात."

लोकांनी मागितलं तरी त्यांनी ते बियाणं कुणाला दिलं नाही. कंजूषपणा नव्हता त्यात. "अजून दोन दंवं बघू दे," म्हणायचे. "दिलं आणि मेलं, तर लोक माझ्या दारात येऊन उभे राहतील. खात्री झाली की सगळ्या गावाला वाटतो." ही दोन दंवं दर वर्षी पुढे जायची. त्यामुळे ते बियाणं जगात एकाच घरी होतं. आमच्या.

मी सेमारांगला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दर गुरुवारी मी बापांना फोन करायचे. मार्च-एप्रिलमध्ये फोनवर त्यांना धाप लागलेली ऐकू यायची. मी विचारलं की म्हणायचे, "आत्ताच माळ्यावरून उतरलो. बियाणं खालीवर करत होतो. म्हातारा माणूस, शिडी उभी." मग लावणीचं सांगायचे. मे महिन्यात खालचा वाफा, पूर्ण. यंदा जास्त आहे, दोन टोपल्या. मी ऐकायचे, कॉलेजातलं काहीतरी सांगायचे, फोन ठेवायचे.

एप्रिलच्या एका मंगळवारी, पहाटेच्या नमाजाआधी ते गेले. छातीचं दुखणं होतं. मी पोचेपर्यंत मातीही देऊन झाली होती.

दुसऱ्या दिवशी फतखुरनं विषय काढला. वेफर्सचा एक कारखाना करारावर बियाणं देतो, पीकही तोच घेतो. गेल्या हंगामात बापांच्या मागे लागून त्यानं अर्ध्या खालच्या वाफ्यात ते लावलंही होतं.

"यू," तो मला म्हणाला, मोठ्या बहिणीला आमच्याकडे यू म्हणतात, "बापा होते तोवर ठीक होतं. आता दंवाची वाट बघत कोण बसणार?"

आमची आई, तिला आम्ही बियुंग म्हणतो, आतल्या खोलीत चटईवर बसली होती. तिथूनच म्हणाली, "ह्या लावणीला त्यांचंच लागेल. एकदा ते मातीत जाऊ दे. पुढच्या वेळचं तू बघ."

त्या सात दिवसांत तिनं स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट.

आमच्याकडे घरात मयत झाली की स्वयंपाकघर शेजारणींचं होतं. त्या येतात, चूल ताब्यात घेतात आणि सातव्या दिवसापर्यंत घरच्या बाईला मीठ कुठंय एवढंही विचारत नाहीत. तिला विचारणं म्हणजे तिच्या दुःखात हात घालणं. विचारायचं असलं तर मुलीला विचारायचं. मुलगी म्हणजे मी, जी पाच महिन्यांनी घरी आली होती.

सहाव्या दिवशी सकाळी बाया दुसऱ्या दिवसाच्या तयारीला बसल्या. पठण झाल्यावर प्रत्येक पाहुण्याबरोबर बरकतीचा डबा द्यायचा असतो: भात, नूडल्स, टेम्पेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची भाजी, अंडं आणि बटाट्याचे वेफर्स. बियुंगनं आयुष्यभर वेफर्स तळून बस थांब्यावरच्या दुकानांना विकले. त्यामुळे आमच्या घरच्या डब्यात वेफर्स नसते तर गावानं नावं ठेवली असती. बियुंगचे सुकवलेले काप दोन पत्र्याचे डबे भरून होते, ते साठ माणसांना पुरले असते.

"साठ कसले," बुदे वार्सिती म्हणाली. ती शेजारच्या घरची, बियुंगपेक्षा मोठी, म्हणून आम्हा सगळ्यांची बुदे, मोठी मावशी. तिची जीभ किसणीच्या पात्यासारखी. "मशिदीतून निरोप आलाय. नव्वद येणार. जिवंतपणी ज्यांनी ह्या माणसाला साधा चहा पाजला नाही ते सगळे येणार."

"तुम्ही तरी कुठं पाजलात, बुदे?" कुणीतरी म्हणालं.

"मी पाजला असता. त्याला माझा चहा गोड लागायचा म्हणून तोच येत नव्हता. बटाटे बघा आधी, आहेत का घरात."

एक जण मागच्या खोलीत जाऊन आली. "कोनाड्याखाली गवताखाली दोन टोपल्या आहेत."

टोपल्या आल्या. बुदेनं एक बटाटा हातात घेतला, अंगठ्यानं त्याची माती पुसली आणि माझ्यासमोर धरला.

"नदुक," लहान मुलीला हाक मारावी तशी ती मला हाक मारायची, "हे सगळे अंड्याएवढे आहेत गं. एकसारखे. बियाण्याचे तर नव्हेत?"

"नाही बुदे. बियाणं माळ्यावर असतं. बापा ते कधीच खाली ठेवत नाहीत."

"कोंब आलेले नाहीत, तेही खरं. पण काढणीला दोनच महिने झालेत. बियुंगला विचारू का?"

"नका विचारू. तिला आत्ता काहीच विचारू नका. मला माहीत आहे."

"बरं बाई. ग्रंथालयातल्या बाईशी कोण वाद घालणार!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. सहा दिवसांत पहिल्यांदाच. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे सांगायला हवं. ह्या घरातलं काही तरी मला ठाऊक आहे, आणि ते सगळ्यांसमोर मला विचारलं जातंय, ह्याचं बरं वाटलं होतं.

त्यांनी ते सोलले, किसणीवर काप केले, चुन्याच्या निवळीत घातले. वाळवायला वेळ नव्हता, फडक्यावर पसरून निथळले आणि तसेच तळले. काप तेलात पडले आणि बघता बघता लाल झाले.

"आच कमी कर!"

"कमीच आहे. तेल जुनं असेल."

"तेल माझ्या घरचं आहे, जुनं काय म्हणतेस?"

"मग बटाटे रडके आहेत. बघ ना, चहात बुडवून काढल्यासारखे."

"डब्यात तळाशी घाला," बुदे म्हणाली. "वर चांगले. खाणाऱ्याला घरी गेल्यावर कळेल, आणि घरी गेल्यावर कोण परत येतंय सांगायला."

सातव्या दिवशी संध्याकाळी पठण झालं. ओसरीपासून रस्त्यापर्यंत चटया घातल्या होत्या. नव्वद नाही, शंभराच्या आसपास माणसं आली. एका सुरात म्हटलेलं ते मातीच्या भिंतीतून आत येत होतं आणि मी डबे बाहेर देत होते. शेवटचा डबा बियुंगला द्यायचा असतो. मी तो तिच्यापुढे ठेवला. तिनं झाकण काढलं, भात बाजूला सारला, आणि खालून एक वेफर उचलून दिव्यासमोर धरला.

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मग तिनं त्याचा अगदी लहान तुकडा तोडला, तोंडात घातला, आणि चावायची थांबली.

"गोड आहे," ती म्हणाली. "हे कुठले?"

आमच्याकडे बटाट्याचं काम करणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. थंड खोलीत दिवसचे दिवस ठेवलेला बटाटा गोड होतो, आणि गोड झालेला बटाटा तेलात लाल होतो. तळायचे बटाटे बियुंग चुलीजवळ ठेवायची. थंडीत फक्त बियाणं ठेवतात.

मी काही बोलायच्या आत ती उठली. सात दिवसांत पहिल्यांदा स्वयंपाकघर ओलांडून मागच्या खोलीत गेली. आम्ही तिच्या मागे. कोनाड्याखाली दोन रिकाम्या टोपल्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. गवत झाडून कोपऱ्यात केलेलं होतं, नीट.

बुदे वार्सितीनं तोंडावर हात ठेवला. मग हात काढून म्हणाली, "मी घेतले. मलाच अक्कल नाही. हातात घेतल्यावर कळायला हवं होतं मला."

"बुदेनं विचारलं होतं," मी म्हणाले. "दोनदा विचारलं. मी घ्या म्हणाले."

बियुंगनं माझ्याकडे पाहिलं नाही. "सगळे?"

"सगळे."

"बरं," ती म्हणाली. आणि दाराकडे वळून, "बाहेर चहा द्या. माणसं बसलीयत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडी लावून माळ्यावर गेले. का गेले, मला माहीत नाही. फळ्या रिकाम्या होत्या. त्यांच्यावर धुळीचा थर होता, आणि त्या थरावर एकही बोट उमटलेलं नव्हतं.

खाली आले तर बियुंग चुलीपाशी शेकत बसली होती.

"बियाणं खाली कधी आणलं?"

"वर गेलंच नाही ह्या वेळी. काढणी झाली तेव्हा फतखुर म्हणाला, मी नेतो वर. तर म्हणाले, नको, मला रोज बघायला जाता आलं पाहिजे. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर गेले की बसायचे. मग तेवढंही जमेना."

"मला फोनवर म्हणायचे, आत्ताच माळ्यावरून उतरलो. धाप लागायची तेव्हा."

"ऐकलंय. मी शेजारीच असायचे."

"मग तू का नाही सांगितलंस?"

तिनं एक काटकी मोडून चुलीत घातली. "डोळे वटारायचे माझ्याकडे. आणि तू तुझ्या त्या नव्या कपाटांचं सांगत असायचीस. मन लावून ऐकायचे. फोन ठेवल्यावर मला सांगायचे, तिच्याकडे आता लोखंडी कपाटं आलीयत, वाळवी लागायची नाही."

मी माळ्याकडे बघितलं. दर गुरुवारी ते मला ह्या शिडीवरून उतरून दाखवत होते, इथे, चुलीपाशी बसून. आणि मी ते सगळं खरं धरून, सगळ्यांसमोर, "मला माहीत आहे" म्हणाले होते.

"वाफ्यात काही राहिलं असेल का?" मी विचारलं.

"काढणीनंतर लोक वेचून जातात. तुला ठाऊक आहे." मालकाचं खणून झालं की मातीत राहिलेलं ज्याला हवं त्यानं वेचावं, हा रिवाज. बापा तर मुद्दाम दोन दिवस शेत मोकळं सोडायचे. "तरी बघू," ती म्हणाली.

आम्ही खालच्या वाफ्यात कुदळी घेऊन गेलो. दहा मिनिटांनी बुदे वार्सिती स्वतःची कुदळ घेऊन आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. दोन दिवस आम्ही तिघींनी तो वाफा हातभर खोल उलटा केला. दुसऱ्या दिवशी दुपारी बुदे कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्याच सुनेनं वेचले होते इथले. दोन किलो तरी असतील. मिरची घालून परतले आम्ही. ह्या मेल्या पोटाला दुसरं काही मिळालं नाही."

"चांगले लागले का?" बियुंगनं विचारलं.

"काय विचारतेस!"

"विचारतेय. त्यांनी आम्हाला कधी खाऊ दिले नाहीत."

बुदे रडायला लागली. बियुंग खणत राहिली.

चौदा बटाटे मिळाले. पाच मऊ पडले होते, ते बियुंगनं बांधावर फेकले. नऊ राहिले. तिनं ते पदराच्या टोकात घेतले आणि एकेक फिरवून बघितला. अर्धा वाफा बापांच्या बियाण्याचा होता, अर्धा कारखान्याच्या. दोन्ही पिवळट, दोन्हींचे डोळे उथळ.

"ह्यातले त्यांचे कुठले?"

"ते कोंब बघून सांगायचे. कोंबाच्या बुडाशी रंग असतो म्हणायचे." तिनं हातातला बटाटा उलटा केला. "मी कधी बघितला नाही. ते आहेत म्हटल्यावर मी कशाला बघू?"

मे महिन्यात मी चार दिवसांची रजा काढून आले. सगळ्या शेतात फतखुरनं कराराचं बियाणं लावलं. खालच्या वाफ्यात एका ओळीत नऊ खड्डे करून बियुंगनं मला म्हटलं, "तू लाव." नऊही बटाट्यांना कोंब आले होते. मी प्रत्येक उन्हात धरून बघितला. काही कोंब जांभळे होते, काही हिरवे, काही दोन्ही. त्यावरून मला काहीच कळलं नाही.

शंभरावा दिवस जुलैच्या शेवटी आला; सातव्यासारखंच त्या दिवशीही पठण आणि डबे असतात. मी आदल्या दिवशी दुपारी पोचले. आकाश इतकं निळं आणि कोरडं होतं की बसमधून उतरतानाच लोक एकमेकांना सांगत होते, उद्या दंव पडणार. नऊ झाडं गुडघ्याएवढी झाली होती. दाट, हिरवीगार. एकही कमी नव्हतं.

पहाटे मशिदीच्या भोंग्यावरून हाक आली तेव्हा आम्ही उठलेलोच होतो. बाहेर गवत पांढरं झालं होतं, पायाखाली करकरत होतं. उतारभर पंप सुरू झाले. ऊन यायच्या आत पानांवरचं दंव पाण्यानं धुऊन काढलं तर झाड वाचतं. पांढऱ्या अंधारात माणसं पाईप घेऊन पळत होती, एकमेकांना शिव्या देत होती, "माझा पाईप तुडवू नकोस रे, रेड्या!" असं ओरडत होती. फतखुर वरच्या शेतात होता. बियुंग खालच्या वाफ्यात पाईप ओढत आली. मी तिच्या मागे.

नऊही झाडांवर जाड थर होता. पानांच्या कडा काचेसारख्या दिसत होत्या.

तिनं पाईपचं तोंड वर केलं, तेव्हा मी तिचा हात धरला.

"बियुंग, ह्यांना नको."

"का?"

"धुतलं तर कळणार नाही. बापा ह्या वाफ्याला कधी पाणी मारायचे नाहीत. सगळं शेत धुवायचे आणि इथे हात मागे बांधून उभे राहायचे. जे राहील ते त्यांचं. आज कळेल. एक जरी हिरवं राहिलं तरी—"

"त्यांच्याकडे टोपल्या भरून होते," ती म्हणाली. "माझ्याकडे नऊ आहेत."

"पण मग हे त्यांचे का कारखान्याचे, कधीच कळणार नाही."

"नाही कळणार."

वरच्या डोंगराची कड पिवळी व्हायला लागली होती. ती माझ्याकडे बघत होती. शंभर दिवसांत तिनं मला एका शब्दानं बोल लावला नव्हता, आणि मला त्याच क्षणी वाटलं की आता लावेल.

"तुला कळून काय करायचंय, नदुक?"

मला काय करायचं होतं ते मला माहीत होतं. दहा वाजेपर्यंत ह्या वाफ्यात उभं राहायचं होतं. एक झाड हिरवं राहिलं असतं तर मी सेमारांगला जाऊन झोपू शकले असते. आणि नऊही काळी पडली असती तर मला माझी शिक्षा तरी नेमकी कळली असती. हे तिला कसं सांगणार! नऊ झाडं माझ्यासाठी उन्हात धर, असं म्हणण्यासारखंच ते होतं.

मी तिचा हात सोडला.

तिनं पाणी सोडलं. बोटानं पाईपचं तोंड दाबून धार बारीक केली, आणि एकेका झाडाला, वरून, बाजूनं, पानं उलटून खालून, पोराला आंघोळ घालावी तसं धुतलं. थर तुकड्यातुकड्यांनी सरकून खाली पडला. तिची बोटं लाल झाली होती. शेवटच्या दोन झाडांपर्यंत पाईप पुरेना, तेव्हा मी पाटातून ओंजळीनं पाणी आणलं. पाणी इतकं थंड होतं की हातात काही धरलंय की नाही तेच समजेना. सात-आठ खेपा केल्या. मग ऊन वाफ्यात उतरलं.

बुदे वार्सिती वरच्या बांधावर येऊन उभी होती. तिचं अर्धं शेत गेलं होतं, ते आम्हाला नंतर कळलं.

"वाचले का गं?" तिनं ओरडून विचारलं.

"वाचले," बियुंग म्हणाली.

कुणाचे, ते बुदेनं विचारलं नाही. तिनं बांधावरून खाली हात केला, बियुंगला वर ओढून घेतलं, आणि दोघी पुढे चालायला लागल्या. बुदे सांगत होती की ह्या वेळी दीडशे डबे धरायचे, कमी धरायचे नाहीत, आणि बटाटे बाजारातून पोत्यानं आणायचे. मी पाईप गुंडाळला. पानांवरून पाणी ठिबकत होतं. मी थोडा वेळ थांबले, पण झाडं नुसती हिरवी होती, आणि घरी शंभराव्या दिवसाचा स्वयंपाक सुरू व्हायचा होता.